तिसरी पिचकारी

राहीबाई गुरुवारी सकाळी भाकरी घेऊन आली, तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. चार महिने ती रोज भाकरी आणून ठेवायची, दोन शब्द बोलायची आणि जायची. तिचं घर आमच्या घराला लागूनच. त्या दिवशी ती गेली नाही. पदर खोचून उभी राहिली.

"आवं तात्या, सोमवारी पोरींची म्याट्रिकची परीक्षा सुरू हुतीया."

"बरं."

"वडूजला. अकराला पेपर."

"बरं हाय की."

"काय बरं हाय? आपल्या वाडीत यष्टी येती बारा वाजता. सात मैल चार पोरी उन्हातनं चालत धाडायला कुणी तयार न्हाई. आमच्या अंजीचं वडील म्हणत्यात, ऱ्हाऊ दे ती परीक्षा, मे म्हैन्यात लगीनच करू. अंजी काल जेवली न्हाई."

मी भाकरीवरचं फडकं सारखं केलं. तेव्हा मला बऱ्याच गोष्टी सुचत नसत.

"मी नुसत्या भाकरीच आणत ऱ्हाऊ व्हय जलमभर?" राहीबाई म्हणाली. "तुमी उठा की आता. त्या गाडीत कोंबड्या अंडी घालाय लागल्यात."

ते खरं होतं. लिंबाखाली गाडी उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबडी बसली होती.

ही गाडी म्हणजे जुनी डॉज. माझ्यापेक्षा वयानं लहान, पण गाड्यांच्या मानानं म्हातारीच. मी पलटणीत एकवीस वर्षं होतो, त्यातली अकरा वर्षं नव्या जवानांना गाडी शिकवण्यात गेली. पेन्शनीवर आल्यावर ही गाडी घेतली. मूळची पेट्रोलची. पेट्रोल परवडेनासं झालं तेव्हा सांगलीत कुतुबुद्दीन मिस्त्रीनं तिच्यात चार शिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन बसवून दिलं. सकाळी मी वाडीतली पोरं वडूजच्या हायस्कुलात सोडायचो, संध्याकाळी आणायचो. आम्हाला मूल नव्हतं. गाडीचा रंग काळा, त्यामुळे पोरं निघेपर्यंत दारावर खडूनं गणितं सोडवायची. मी चूक दाखवायचो, ती फडक्यानं पुसायची. भूक लागली म्हणून कुणी कुरकुर केली, तर मी खिशातले कच्च्या तांदळाचे दाणे द्यायचो आणि सांगायचो, गिळू नको, चघळत राहा. लाळेनं पिठाची साखर होते. पण वेळ लागतो.

माझी बायको मनुबाई दसऱ्यानंतर बाराव्या दिवशी गेली. दुपारी धुणं धुता धुता तिच्या छातीत कळ आली. मी तिला गाडीत घातलं. गाडी चालू होईना. पांढरा धूर सोडायची आणि बसायची. आठ माणसांनी ढकलत उतारापर्यंत नेली, तिथं एकदाची धरली. यात तास गेला. येरळेच्या पुलाच्या अलीकडे, बाभळींच्या रांगेपाशी मनुबाईनं माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तरी काय झालं असतं, सांगता येत नाही. ते चांगले गृहस्थ होते.

परत आल्यावर गाडी लिंबाखाली लावली आणि किल्ली खुंटीला अडकवली. त्यानंतर मी गाडीकडे बघत नसे. राग नव्हता. राग यायलाही काहीतरी लागतं.

राहीबाई गेल्यावर मी बराच वेळ बसून राहिलो. मग उठलो, कोंबडी हाकलली, अंडी राहीबाईच्या घरी पोहोचवली. गाडीच्या दारावरची धूळ पुसताना खाली खडूचं गणित दिसलं. अंजनाचं अक्षर. तीन नळांनी टाकी भरण्याचं गणित, शेवटची ओळ राहिलेली. तेवढी जागा सोडून बाकीचं दार पुसलं.

शुक्रवारी बॅटरी वडूजहून भरून आणली. डिझेलच्या नळ्यांतली हवा काढली. पोरांनी ढकलल्यावर गाडी धरली, पण चाल तशीच अडखळती, आणि इंजिनातून फस् फस् आवाज. तिसऱ्या शिलिंडरपाशी डिझेलचा ओलेपणा, त्यात बुडबुडे.

हा आवाज मला नवा नव्हता. दसऱ्यानंतर तो सुरू झाला होता. मनुबाई तेव्हा म्हणाली होती, "तुमच्या हाताचा डिझेलचा वास भाकरीला लागतोय." मी तेव्हा नळीच्या नटावर सुती दोरा गुंडाळला, वर धुण्याचा साबण थापला आणि म्हणालो, "झालं. बंद." डिझेलची टाकी कुठं पाझरली तर आमच्याकडे सगळे साबणच लावतात. टाकीला चालतोही.

इंजेक्टर म्हणजे काय, हे मी जवानांना आणि पुढे पोरांनाही एकाच शब्दात सांगायचो. पिचकारी. रंगपंचमीची पिचकारी पाणी उडवते, ही डिझेल उडवते, इतक्या जोरानं की त्याचं धुकं होतं. एका शिलिंडरला एक पिचकारी. शिलिंडरच्या डोक्यावर एक भोक असतं, त्यात ती बसते, आणि तिच्या बुडाशी तांब्याची एक चपटी कडी असते. तिला वायसर म्हणतात. ती कडी भोक घट्ट बंद करते. आतला दाब बाहेर येऊ द्यायचा नाही, एवढंच तिचं काम.

चारांपैकी बिघडलेली कुठली, ते कळायला सोपी रीत आहे. चार बैलांचा नांगर समजा. चालता चालता एकेका बैलाला जुवातून सोडून बघायचं. ज्याला सोडल्यावर नांगर मंदावला, तो बैल ओढत होता. ज्याला सोडून काहीच फरक पडला नाही, तो नुसता बरोबर चालत होता. मी इंजिन चालू ठेवून एकेका पिचकारीची नळी सैल केली. पहिली सैल केली, इंजिन कण्हलं. दुसरी केली, कण्हलं. चौथी, तसंच. तिसरी सैल केली आणि काहीच झालं नाही.

मी नट परत आवळला. मला त्या बैलाचं काही नवल वाटलं नाही.

मग इंजिन बंद करून तिसरी पिचकारी कोरडी पुसली. खडू कुटून त्याची भुकटी तिच्याभोवती पेरली आणि गाडी परत चालू केली. पाझर कुठून येतो ते पांढऱ्यावर कळतं. वरचा नट कोरडा राहिला. जिथं मी साबण थापला होता तिथं कधीच काही नव्हतं. भुकटी भिजली ती खालून, बुडापाशी, आणि भिजली तशी काळी झाली.

पिचकारीच फुटली असणार असं मला वाटलं. चारही काढून फडक्यात बांधल्या आणि शनिवारी अंधारातच वडूजपर्यंत चालत जाऊन पहाटेच्या गाडीनं सांगलीला गेलो.

कुतुबुद्दीनचा कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड. तो माझ्याच वयाचा, पण बोलायला तरुण. मला बघताच ओरडला, "या हवालदार! जित्ता हाय म्हणायचा गडी! मला वाटलं, पेन्शन सरकारला परत देऊन बसला."

मी फडकं सोडलं. त्यानं तिसरी पिचकारी उचलली, नटावरचा दोरा नखानं ओढला आणि साबणाची खपली काढून नाकाला लावली.

"हे काय लावलंयस रं? आंघूळ घालत हुतास का इंजेक्टरला?"

"गळत हुतं."

"पलटणीत हेच शिकवलंस पोरांना? अरं, टाकीत डिझेल नुसतं पडून असतंय, तिथं साबण चालंल. हितं दाब एवढा हाय की तुझ्या साबणाचा फेस दिल्लीला जाईल."

त्याच्याकडे हातानं दाब द्यायचं यंत्र होतं. त्याला पिचकारी जोडायची, दांडा खाली ओढायचा, की धुकं उडतं. त्यानं दांडा ओढला. फुर्र झालं. बारीक, सरळ, एकसारखं धुकं. त्यानं टोकाला टीपकागद टेकवला. कोरडा.

"ही तर माझ्यापेक्षा तरणी हाय," तो म्हणाला. एकामागून एक चारही लावल्या. चारही चांगल्या. "बरं, भाभी कशी हाय? मागच्या खेपेला चटणी दिली हुती तिनं. आमची कारभारीण अख्तरबी अजून नाव काढती."

"गेली."

"कुठं?"

"दसऱ्यानंतर. छातीत कळ आली."

त्याचा हात दांड्यावर तसाच राहिला. शेडमध्ये दुसरा कुणी नव्हता. मग त्यानं हात पुसला, स्टुलावर बसला आणि खाली बघत काहीतरी पुटपुटला. मला वाटलं, आता हा काही बोलेल आणि मला उत्तर द्यावं लागेल. पण तो कामाचा माणूस. थोड्या वेळानं त्यानं पिचकाऱ्यांच्या बुडाला चिकटून आलेल्या तांब्याच्या कड्या काढून हातावर घेतल्या.

"तीनच हायत्या. चौथी?"

मी बघितलं. तिसऱ्या पिचकारीला कडी नव्हती. "भोकात ऱ्हायली असंल."

"मग रोग तिथंच हाय. पिचकारीत न्हाई. ती कडी नीट बसली नसंल तर आतला दाब भाईर पडतोय, जाता जाता डिझेल घिऊन. शेवटी काढल्या कवा हुत्यास?"

"नवमीला."

"अशी गाडी थंड असली की धक्क्याबिगर धरायची न्हाई बघ. धरली तर नशीब."

"व्हय," मी म्हणालो. "धरली न्हाई."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं की नाही, मला माहीत नाही. तो उठला आणि डबे धुंडाळू लागला.

"ह्या तिन्ही झिजल्यात, टाकतो," तो म्हणाला आणि त्या मोडीच्या डब्यात गेल्या. "ह्या मापाच्या नव्या तीनच हायत्या माझ्याकडं. कोल्हापूरहून मागवू? चार रोज लागत्याल."

"सोमवारी पायजे. पोरींची परीक्षा हाय."

"मग चौथीला ती भोकातलीच घाल. आकड्यानं वर काढ, चुलीत लाल कर, लाल असतानाच पाण्यात टाक. तांबं मऊ पडतंय, मग बसंल तिथं लोण्यावानी बसतंय. तुला ठावं हाय की. तू तर उस्ताद."

निघताना त्यानं पुडीत खारका बांधून दिल्या. पैसे घेतले नाहीत. एस.टी. विट्यावरून आली. वाटेत मी खिडकीतून बाहेर बघत होतो, पण काय बघितलं ते आठवत नाही.

रविवारी सकाळी तारेचा आकडा वाकवला आणि तिसऱ्या भोकात घातला. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा कडी वर आली.

मी ती उजेडात धरली. खालच्या अंगाला काळी, कडक खपली होती. नखानं टोकरली तर आत जळून कोळसा झालेला तांदळाचा दाणा. अर्धा. बाजूच्या खाचेत, जिथं जाळ पोचला नव्हता, तिथं लाल रंग. कुंकू.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात. शेतकरी विळा-कुदळ मांडतो. मी पाने, पक्कड, हातोडी मांडायचो आणि वर्षाची साफसफाई त्याच दिवशी करत असल्यामुळे चारही पिचकाऱ्या काढून त्याही मांडायचो. पूजा झाली की हत्याराला दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही. ती गाडी त्या रात्रीपुरती मुकीच असायची.

त्या नवमीला मनुबाईनं पिचकाऱ्यांना हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मग कड्यांकडे बघून म्हणाली, "आन् ही जोडवी कुणाची?"

"इंजिनाची."

"मग त्यास्नी नगं व्हय कुंकू? सवाशीण हाय का न्हाई तुमची गाडी?" आणि तिनं ओल्या कुंकवाचं बोट चारही कड्यांवरून फिरवलं, वर चिमूटभर अक्षता.

दसऱ्याच्या सकाळी औंधला यमाईच्या दर्शनाला जाणारी माणसं दारात उभी होती. हाका मारत होती. मी कड्या पुसल्या आणि पिचकाऱ्या बसवल्या. तीन पुसल्या असणार. तिसरी पुसली असं मला वाटलं असणार. अकरा वर्षं मी जवानांना एकच गोष्ट घोकून घेतली होती. बसवण्याआधी पुसा, पुसल्यावर बोट फिरवा, बोट फिरवल्यावर परत पुसा. दाणा चिरडला असेल, खाली थर झाला असेल, कडी तिरपी बसली असेल.

म्हणजे ते असं होतं.

मी कडी हातात घेऊन बसलो. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. लिंबाखाली सावली सरकली तसा मीही सरकलो. तो लाल रंग तिच्या बोटाचा होता. तिच्या बाकीच्या वस्तू तिच्या बहिणीनं नेल्या होत्या, मीच ने म्हणालो होतो. दुसरी कडी नव्हती. कोल्हापूरहून यायला चार दिवस.

अंजना दाराजवळ आली. हातात पुस्तक, बोट पानात.

"तात्या, आई विचारतीया, गाडी हुईल का?"

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"दारावरचं तुझं गणित अर्धंच हाय," मी म्हणालो. "शेवटची वळ लिही."

ती गाडीपाशी गेली. ओठांतल्या ओठांत हिशोब केला. मग खाली पडलेला खडू घेऊन लिहिलं.

"सव्वातीन तास."

"बरोबर. आईला सांग, साडेनवाला निघायचं."

ती गेल्यावर मी घरात जाऊन चूल पेटवली. चार महिन्यांत पहिल्यांदा. गोवऱ्या दमट होत्या, धूर झाला. कडी तारेला अडकवून जाळात धरली. कुंकू आधी तपकिरी झालं, मग काळं, मग दिसेनासं झालं. तांब्यावर आधी जांभळी छटा येते, मग मंद लाल, मग पिकल्या मिरचीसारखी लाल. तेवढी लाल व्हावी लागते, त्याआधी काढून चालत नाही. मी रंग बघत होतो. झाला तशी पाण्याच्या वाटीत टाकली. छर्र झालं.

बाहेर काढली तेव्हा ती साधी तांब्याची कडी होती, जरा गुलाबी. काचेवर बारीक पॉलिश कागद ठेवून तिच्या दोन्ही बाजू घासल्या. भोकात चिंधी गुंडाळलेली काडी फिरवली, वंगणाचं बोट लावून. काडीला काळं आलं. परत फिरवली. परत काळं. सातव्या वेळी चिंधी स्वच्छ आली. मग कडी पुसली, बोट फिरवलं, परत पुसली. चारही तशाच. नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळले, एकदा हा, एकदा तो, म्हणजे पिचकारी तिरपी बसत नाही.

किल्ली फिरवली. गाडी दुसऱ्या फेऱ्यात धरली. फस् फस् नव्हतं. तिसरी नळी सैल करून बघितली, इंजिन कण्हलं. तिसरा बैलही आता ओढत होता.

राहीबाई भिंतीवरून ओरडली, "झाली का वं?"

"झाली."

"मग त्वांड का असं?"

सोमवारी साडेनवाला चार पोरी दारात. वेण्या घट्ट, हातात प्रवेशपत्रं. राहीबाई ताट घेऊन आली. ताटात हळद, कुंकू, अक्षता. गाडीपाशी आली आणि माझ्याकडे बघून थबकली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. माझा हात वर गेला होता, तो तिला दिसला असावा.

"लावू नगं का?" ती म्हणाली.

पोरी बघत होत्या.

"लाव," मी म्हणालो. "बॉनेट झाकलंय तवर लाव. वरनं."

"मग काय आत शिरून लावू?" राहीबाई म्हणाली, आणि पोरी हसल्या.

तिनं बॉनेटवर स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या. आम्ही निघालो. मागे पोरी इतिहासातल्या सनावळ्या म्हणत होत्या, एक चुकली की बाकीच्या तिच्यावर तुटून पडायच्या. बाभळींच्या रांगेपाशी मी गिअर बदलला. तिथं चढ आहे, बदलावाच लागतो. मग पूल आला.

वडूजला शाळेपुढे पोरी उतरल्या. "पाणी पिऊन जावा. प्रश्न दोनदा वाचा. येतंय ते आधी लिवा," मी म्हणालो. अंजना परत वळून आली.

"तात्या, तुमी हितंच थांबणार न्हवं?"

"हितंच."

घंटा झाली. मैदान रिकामं झालं. मी बॉनेट उघडलं, खडूची भुकटी तिसऱ्या पिचकारीच्या बुडाशी पेरली, इंजिन चालू केलं, थोडा वेळ बघितलं. पांढरं ते पांढरंच राहिलं. बंद केलं.

बॉनेट खाली करताना काचेच्या खालच्या खाचेत अक्षतांचे तीन-चार दाणे दिसले. सात मैल वाऱ्यात टिकलेले. खिशात फडकं होतं. मी एक दाणा बोटानं उचलला. अख्खा होता, एका बाजूला लाल.

टाकवेना. ठेवायला जागा नव्हती. मी तो तोंडात टाकला आणि गाडीच्या पायरीवर बसून चघळू लागलो. चव काहीच नव्हती. गोड लागायला वेळ लागतो. पेपर सुटायला अजून पावणेतीन तास होते.